चार खुणांची पट्टी

गेल्या दोन वर्षांत विद्यालयास भेट देऊन गेलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी आपल्या मुलामुलींच्या सदऱ्याच्या आतल्या बाजूस, डाव्या शिवणीत शिवलेली एक पांढरी पट्टी पाहिली असेल. ती दोन बोटे रुंद व चार बोटे लांब असून तीवर काळ्या रंगात चार लहान आकृत्या आणि त्याखाली वसतिगृहातील क्रमांक छापलेला असतो. ही पट्टी बाजारातून आणलेली नाही. नववीच्या सात विद्यार्थ्यांच्या गटाने चित्रकला विषयाच्या समूहप्रकल्पात ती घडविली. ती घडविताना आमच्या हातून कोणत्या चुका झाल्या आणि त्यांतून काय कळले, हे पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे, म्हणून हा लेख.

प्रकल्पाचे निमित्त दुःखद होते. सहावीतील एका मुलाने स्नेहसंमेलनाच्या आदल्या रात्री आपली गणवेशाची पँट स्वतः इस्त्री केली. वसतिगृहातील जुन्या इस्त्रीची तापमान राखणारी कळ बिघडलेली होती, हे आम्हा मोठ्यांना ठाऊक होते. त्या मुलाला नव्हते. गुडघ्यावर इस्त्री टेकताच कापड आक्रसले, कडक झाले आणि त्यावर इस्त्रीच्या टोकाचा आकार कायमचा उमटला. त्याचे आईवडील त्या वेळी ऊसतोडणीसाठी बाहेर जिल्ह्यात गेलेले होते. दुसरी पँट मिळेपर्यंत तो मुलगा दीड महिना गुडघ्यावर ठिगळ लावून वर्गात बसला. त्याने तक्रार केली नाही. परंतु रांगेत तो डावा पाय मागे ठेवून उभा राही, हे माझ्या लक्षात येत असे.

गणवेशाचे कापड टेरिकॉटचे असते, म्हणजे पॉलिएस्टर व सूत यांचे मिश्रण. 65 टक्के पॉलिएस्टर व 35 टक्के सूत हे त्याचे एक रूढ प्रमाण आहे. सुती कापड कडक इस्त्री सोसते. पॉलिएस्टर हे मात्र वितळणारे द्रव्य आहे. सुमारे 250 अंश सेल्सिअसच्या पुढे ते वितळते आणि त्याच्या बरेच आधी मऊ पडून चकाकू लागते. जुन्या टेरिकॉटच्या पँटला मांडीवर जी चमक येते तिचे एक कारण हेच. तयार कपडा विकत घेतला तर ही सूचना आतल्या लेबलवर छापलेली असते. आपला गणवेश मात्र ताग्यातून कापून शिंप्याकडे शिवला जातो, त्यामुळे त्याला लेबलच नसते. ज्याच्याजवळ एकच जोड आहे त्याच्याच कपड्यावर तो कसा जपावा हे लिहिलेले नसावे, ही विसंगती मुलांनी प्रथम माझ्या नजरेस आणून दिली. त्यांनी घरून आणलेले टी-शर्ट, स्वेटर, मोठ्या भावाची जीन्स उलटी करून पाहिली होती. त्या लेबलांवरील आकृत्यांचा अर्थ मलाही पूर्णपणे सांगता आला नाही. चित्रकला शिकविण्यात इतकी वर्षे घालविल्यावर हे कबूल करणे सोपे नव्हते.

त्या आकृत्या मुळात पाच आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. पहिली पाण्याने भरलेली घमेल्यासारखी टोपली, म्हणजे धुणे. तिच्यातील आकडा पाण्याचे जास्तीत जास्त तापमान सांगतो. तिच्यात हात काढलेला असेल तर कपडा हातानेच धुवावा. खाली एक आडवी रेघ असेल तर यंत्रात हळुवार, दोन असतील तर अधिकच हळुवार धुवावा. दुसरा त्रिकोण, म्हणजे रंग उडविणाऱ्या पावडरीचा वापर. रिकामा त्रिकोण परवानगी देतो. आत दोन तिरप्या रेघा असतील तर क्लोरीन नसलेलीच पावडर चालते. तिसरा चौकोन, म्हणजे वाळवणे. आत उभी रेघ असेल तर दोरीवर, आडवी असेल तर पसरून वाळवावे. वरच्या कोपऱ्यात तिरप्या रेघा असतील तर सावलीत. आत वर्तुळ असेल तर वाळवण्याच्या यंत्रासंबंधी सूचना. चौथी इस्त्री. तिच्यातील एक ठिपका म्हणजे सुमारे 110 अंश, दोन म्हणजे सुमारे 150, तीन म्हणजे सुमारे 200. पाचवे वर्तुळ, म्हणजे व्यावसायिक धुलाई. त्यातील पी, एफ वा डब्ल्यू हे अक्षर ग्राहकासाठी नसून धुलाईवाल्यासाठी असते. आकृतीवर फुली असेल तर ती क्रिया करू नये. एवढेच हे व्याकरण आहे.

या खुणांची कुळकथा युरोपातील आहे. एका देशात शिवलेले कपडे शेजारच्या पाच देशांत विकले जाऊ लागले तेव्हा प्रत्येक भाषेत सूचना छापणे लेबलच्या आकारामुळेच अशक्य झाले. त्यातून 1963 साली पॅरिस येथे जिनेटेक्स ही संस्था स्थापन झाली आणि तिने या खुणांचा प्रसार केला. पुढे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने 1991 साली 3758 क्रमांकाच्या मानकात त्यांचा अंतर्भाव केला. भाषा न येणाऱ्यासही कळावे, हा त्यांचा हेतू.

आपल्या देशाला ही कल्पना नवी नाही. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत बहुसंख्य मतदारांना वाचता येत नव्हते. म्हणून प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी ठेवून तिच्यावर चिन्ह लावण्यात आले. काँग्रेसची बैलजोडी आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती त्याच निवडणुकीतले. मुलांना मी हे सांगितले आणि आमचे काम सोपे आहे असा माझा व त्यांचा समज झाला. अक्षराऐवजी चित्र दिले की काम झाले, असे आम्ही धरून चाललो.

गटात चार मुली व तीन मुलगे होते. त्यांनी दीड महिना खपून एक मोठा तक्ता तयार केला. रेखाटन ड्रॉइंग पेपरवर, नंतर संगणक कक्षात इंकस्केपवर रेषा स्वच्छ करून घेतल्या. निळी टोपली, लाल त्रिकोण, पिवळा चौकोन, काळी इस्त्री, हिरवे वर्तुळ. समास सारखे, आकृत्यांची उंची सारखी, अक्षरांची शिरोरेषा एका ओळीत. स्पर्धेत ठेवला असता तर बक्षीस मिळाले असते. पालकभेटीच्या रविवारी तो आम्ही व्हरांड्यात लावला, खालील मजकूर मुद्दाम कागदाने झाकला आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारले, "हे काय सांगते?"

टोपली व इस्त्री जवळजवळ सर्वांनी ओळखली. पुढे मात्र तक्ता कोसळला. लाल त्रिकोण पाहून एक आजी पदर सावरून हळूच म्हणाल्या, "हे कुटुंबनियोजनाचं ना? शाळेत कशाला लावलं?" त्यांचे काय चुकले? दवाखान्याच्या भिंतीवर त्यांनी आयुष्यभर लाल त्रिकोण पाहिला होता. तो उलटा असतो एवढाच फरक. कोपऱ्यातील तिरप्या रेघा कोणाला पाऊस वाटल्या. चौकोनातील वर्तुळ कोणाला धुण्याचे यंत्र वाटले. वाळवण्याचे यंत्र उपस्थितांपैकी कोणीच पाहिलेले नव्हते. पी अक्षराचे वर्तुळ पाहून रिक्षा चालविणाऱ्या एका पालकांनी निःशंकपणे "गाडी लावायची जागा" असे उत्तर दिले. इस्त्रीतील तीन ठिपक्यांचा अर्थ तिघाचौघांनी "तीनदा फिरवा" असा केला. गटातील मुली हिरमुसल्या. त्यांतील एकीची स्वतःची आई त्रिकोणापाशी अडली होती, आणि "मला कुठं वाचता येतं बाई" असे म्हणून ती बाजूला झाली होती. निरक्षरांसाठी काढलेल्या चित्रापुढेही तिला पुन्हा एकदा निरक्षर ठरावे लागले, ही गोष्ट माझ्या मनाला फार लागली.

संध्याकाळी आम्ही उत्तरांची वही घेऊन बसलो तेव्हा कारण स्पष्ट झाले. पाच खुणांपैकी टोपली आणि इस्त्री ही दोनच चित्रे आहेत. पाहिलेली वस्तू त्यांत ओळखता येते. त्रिकोण, चौकोन व वर्तुळ कशाचीच चित्रे नाहीत. ते ठरवून घेतलेले संकेत आहेत, म्हणजे एका अर्थी अक्षरेच. आणि अक्षर शिकविल्याशिवाय येत नाही. बैलजोडी लोकांना कळली, कारण बैल दारात होते. त्रिकोण कोणाच्याच दारात नव्हता.

त्याच दिवशी घडलेली दुसरी गोष्ट मुलांच्या वहीत नव्हती. सातवीतील एका मुलाचे आजोबा, वय पंच्याहत्तरच्या पुढे, इस्त्रीच्या चित्रापाशी बराच वेळ उभे होते. मुलांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "आमच्या टायमाला परीट आमचं धुणं घेत नव्हता. घेतलं असतं तर गावानं त्याचं बलुतं बंद केलं असतं." मग इस्त्री कशी करत, असे एका मुलीने विचारले. पितळेचा तांब्या घ्यायचा, त्यात चुलीतले निखारे भरायचे, गळ्याला ओले फडके गुंडाळून धरायचा आणि बूड कापडावरून फिरवायचे. तापमान पाहण्यासाठी बुडाला पाण्याचा थेंब लावायचा. चुर्र आवाज झाला की तो तयार. तालुक्याच्या शाळेत जाताना आपल्या सदऱ्याची घडी मोडलेली दिसू नये म्हणून त्यांची आई हे पहाटे करीत असे. 1927 च्या डिसेंबरात महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांसमोर केलेल्या भाषणात वस्त्रे नेसण्याच्या पद्धतीचा व स्वच्छ राहणीचा आग्रह का धरला, हे मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचले होते. तांब्याची हकीकत ऐकल्यावर ते त्यांना वेगळ्या रीतीने कळले असावे, कारण दुसऱ्या दिवसापासून प्रकल्पाच्या कामात कोणी टंगळमंगळ केली नाही.

परटाचा विषय निघाला म्हणून त्याच्या खुणांचाही शोध मुलांनी घेतला. शेकडो घरांचे कपडे एकाच घाटावर धुऊन पुन्हा ज्याचे त्याला पोचविण्यासाठी धोबी प्रत्येक कपड्यावर ठिपके व रेघा यांची खूण घालीत. त्यासाठी बिब्ब्याचा रस चुन्याबरोबर वापरीत. तो डाग कितीही धुतला तरी जात नाही. इंग्रजीत बिब्ब्याला नावच मुळी खूण करण्याची बी या अर्थाचे आहे. हेदेखील संकेतच, चित्रे नव्हेत. परंतु ज्यांना ते वापरायचे त्यांनीच ते ठरविले होते आणि काम करता करता मुले बापाकडून शिकत होती. पट्टीवर बिब्ब्यानेच छापू या, अशी एका मुलाची सूचना आली. बिब्बा उततो, अंगावर फोड येतात, हे ज्यांनी लहानपणी अनुभवले आहे त्यांना मी ती सूचना का फेटाळली हे सांगण्याची गरज नाही.

आता गटात दोन तट पडले. एकाचे म्हणणे, न कळणाऱ्या खुणा टाकून आपण आपल्याच काढाव्या : त्रिकोणाऐवजी पावडरीचा डबा, चौकोनाऐवजी दोरीवरचा सदरा. दुसऱ्याचे म्हणणे, मग इथून बाहेर पडल्यावर बाजारचा कपडा आपल्याला वाचता येणार नाही. या वादात जपानचे उदाहरण उपयोगी पडले. जपानच्या जुन्या खुणा बऱ्याच अंशी बोलक्या होत्या. यंत्रात धुण्यासाठी यंत्राचे चित्र, वाळवण्यासाठी सदऱ्याचा आकार, इस्त्रीत ठिपक्यांऐवजी उच्च, मध्यम, नीच अशी जपानी अक्षरे. तरीही डिसेंबर 2016 पासून जपानने त्या सोडून आंतरराष्ट्रीय खुणा स्वीकारल्या. घरच्यांना सहज कळणारी खूण परक्याला कळत नव्हती आणि परक्याची यांना. पहिल्या तटातील मुलगी त्यावर म्हणाली, "त्यांच्या आजींना कोणी विचारलं होतं का, सर?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

अखेर तोडगा निघाला तो असा. पट्टीवर आंतरराष्ट्रीय खुणाच राहतील, पण आपल्या गणवेशाला लागू असतील तेवढ्याच. वर्तुळ गेले, कारण गणवेश धुलाईच्या दुकानात जात नाही. टोपलीतील आकडा गेला, कारण आम्ही बोअरच्या थंड पाण्यानेच धुतो. उरल्या चार : हात बुडविलेली टोपली, फुली मारलेला त्रिकोण, सावलीचा चौकोन आणि दोन ठिपक्यांची इस्त्री. धुण्याच्या ओट्याजवळच्या भिंतीवर मात्र पाचही खुणांचा फलक राहील आणि प्रत्येक खुणेशेजारी ती क्रिया करणारा माणूस काढलेला असेल. त्रिकोणाशेजारी मुलांनी ग्रामपंचायतीचा शिपाई विहिरीत पावडर टाकताना काढला. ही टीसीएल पावडर गावात प्रत्येकाला ठाऊक असते आणि तिच्या पाण्याने रंगीत कपड्यावर पांढरे डाग पडतात हेही. त्या चित्रानंतर त्रिकोण कोणालाच पुन्हा समजावून द्यावा लागला नाही. फलकावर बाई फक्त धुताना आणि पुरुष फक्त इस्त्री करताना, असे पहिल्या रेखाटनात आले होते. ते मुलींनी बदलून घेतले. आमच्या वसतिगृहात मुलगे स्वतःचे धुणे स्वतः धुतात, मग चित्र खोटे का असावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

पट्टी छापणे हा भाग वाचायला कंटाळवाणा वाटेल, पण शिकायला तोच सर्वांत चांगला ठरला. साध्या शाईची पट्टी तिसऱ्या धुण्यात कोरी झाली. मग स्क्रीन प्रिंटिंगच्या चौकटीतून कापडावरचा पिगमेंट रंग वापरला. हा रंग वाळल्यावर त्यावर उष्णता द्यावी लागते, तेव्हाच तो धाग्याला पक्का धरतो; म्हणजे इस्त्रीची सूचना छापण्यासाठी इस्त्रीच लागली. पट्टी सुती असल्याने ती कडक इस्त्री सोसते आणि शिवायची मात्र टेरिकॉटवर, हा विरोधाभास मुलांनीच हेरला. संगणकाच्या पडद्यावर सुबक दिसणारे दोन ठिपके इतक्या लहान आकारात छापताच एकमेकांत मिसळून एक होत. चौथ्या प्रयत्नात ठिपके लहान व त्यांतील अंतर मोठे करण्यात आले. एका ठिपक्याच्या चुकीने काय होऊ शकते हे त्या गटाला सांगावे लागले नाही.

फलकाच्या खालच्या भागात डागांची माहिती आली, आणि तिचाच वापर आज सर्वांत अधिक होतो. हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो. मुले घाबरून तो घासत बसतात. हळदीतील रंगद्रव्य साबणातील क्षारामुळे रंग बदलते, डाग वाढलेला नसतो. तेच द्रव्य उन्हात टिकत नाही, म्हणून धुऊन उन्हात टाकल्यावर डाग फिका होतो. सावलीच्या नियमाला हा एवढा अपवाद. बोअरच्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि त्याचा पांढरट मळ कपड्यावर बसतो. तेथे धुण्याची पावडर बरी. नीळ नीट विरघळल्याशिवाय कपडा बुडवू नये. रक्ताचा डाग नेहमी थंड पाण्याने काढावा, कारण गरम पाण्याने रक्तातील प्रथिन गोठून धाग्यात बसते. ही शेवटची ओळ मुलींनी मागितली. मुलग्यांनी प्रथम खाली पाहिले. एकाने "नाक फुटल्यावर" असे शब्द जोडण्याचे सुचविले. मुलींनी ते मान्य केले नाही. ओळ जशीच्या तशी, दोन्ही वसतिगृहांच्या फलकांवर आहे. मला त्या प्रकल्पातील हीच ओळ सर्वांत धीट वाटते.

एक प्रश्न उरला होता. जपूनही कपडा शेवटी विरतोच; मग पुढे काय? विनयपिटकातील चुल्लवग्गात राजा उदेन व आनंद यांचा संवाद येतो. इतक्या चीवरांचे काय करणार, असे राजा विचारतो आणि आनंद सांगतात की ती जीर्ण चीवरांच्या भिक्खूंना देऊ. जुन्या चीवरांची आच्छादने, मग गादीच्या खोळी, जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, धूळ झाडण्याची फडकी, आणि शेवटी चिंध्या करून मातीत कालवून लिंपण. मुलांना हा क्रम फार आवडला, कारण आजीची गोधडी त्यांना त्यात दिसली. फलकावर त्याचे चित्र काढायला मात्र जागा उरली नाही. पुढच्या गटाने ते काम हाती घ्यावे.

पालकांना एक विनंती. पहिल्या वर्षी पट्टी कॉलरपाशी शिवली होती. ती मानेला टोचते म्हणून लहान मुलांनी उसवून टाकली, आणि काही घरी ती कात्रीने कापली गेली. त्यांची चूक नव्हती. आता ती डाव्या शिवणीत घेतली आहे. जूनमध्ये नवा गणवेश शिवताना शिंप्याला तेथे चार बोटे जागा मोकळी सोडावयास सांगावे. पट्टी आम्ही देऊ व येथेच मुले ती हाताने शिवतील. वसतिगृहात नवी इस्त्री आली आहे. ज्या मुलाची पँट जळाली होती तो आता आठवीत आहे. इस्त्रीच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असते आणि पाचवीच्या मुलांना तो प्रथम पट्टी उलटून दाखवायला लावतो, मगच इस्त्री हाती देतो.